अमृतरावांची हवाई धून

"बोरसे साहेब, तुमचं उकळेले आलंय!" कुरिअरवाला खालून ओरडला, तेव्हा जळगावच्या पिंप्राळ्यातली निम्मी गल्ली ओट्यावर बसून चहा पीत होती. अमृतराव बोरसेंनी आयुष्यात पहिल्यांदाच एक वस्तू कोणाला न सांगता मागवली होती. ती काय आहे हे गल्लीला कळलं नाही, पण मागवली आहे हे मात्र त्यांच्या बायकोच्या आधी कळलं.

"काय उकळलंय?" समोरच्या मंदाबाईंनी विचारलं.

"युकुलेले," अमृतराव जिना उतरता उतरता म्हणाले. "वाद्य आहे ते."

आता गल्लीत वाद्य आलं म्हटल्यावर खोकं घरात नेऊन उघडणं शक्यच नव्हतं. ते ओट्यावरच उघडलं गेलं. आतून जे निघालं ते पाहून शेजारचे योगेंद्र गुरुजी पुढे सरसावले. मग त्यांनी बोट लावून तारा मोजल्या.

"साहेब, तुम्हाला फसवलं. गिटारला सहा तारा असतात. इथे चारच आहेत. आणि मापही कमी आहे. परत करा."

"गुरुजी, हे गिटार नाही."

"तेच म्हणतोय मी. गिटार नाहीच हे."

अमृतराव मोजणी खात्यात होते. मापात कमी-जास्त या विषयावर जिल्ह्यात त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे. त्यांनी बांधावर खूण केली की एकमेकांवर कुऱ्हाडी उगारलेले सख्खे भाऊ खाली बसून तंबाखू मळायला लागत. अशा माणसाला 'मापही कमी आहे' हे ऐकून घ्यावं लागलं, आणि तेही स्वतःच्या ओट्यावर. मंदाबाईंनी "नातवाला छान खेळणं झालं" असं म्हणून त्यावर कळस चढवला. अमृतरावांच्या मुलाचं अजून लग्नही झालेलं नव्हतं.

वाद्य आणण्याचं कारण रक्तदाब होता. डॉक्टर म्हणाले होते, एखादा छंद लावून घ्या. त्या आठवड्यात अमृतरावांना मोबाईलवर एक माणूस दिसला. नारळाच्या झाडाखाली बसून तो हे चिमुकलं वाद्य वाजवत होता. माणूस जाडा होता, टकला होता आणि हसत होता. पहिल्या दोन गोष्टी अमृतरावांकडे होत्याच. तिसरी त्या वाद्यामुळे येत असावी, असं त्यांना वाटलं.

हेमलताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, खोक्याकडे, वाद्याकडे आणि नवऱ्याकडे याच क्रमाने पाहिलं. "आणलंय तर आणलंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या स्वयंपाकात लुडबुड नको."

पहिले काही आठवडे वाजवणं असं झालंच नाही. नुसतं सूर लावणं झालं. मोबाईलवर सूर मोजायचा एक काटा मिळतो. तार छेडली की तो हलतो आणि सूर बरोबर असेल तर मधोमध थांबतो. मोजणी खात्यातल्या माणसाच्या हातात असा काटा देणं म्हणजे त्याचं वाटोळं करणं. अमृतराव केसभर फरक चालवून घेत नसत. चौथी तार काट्यावर येईपर्यंत पहिली उतरलेली असे. नव्या तारा ताणत राहतात, आणि जळगावच्या उन्हात तर काय, माणसंसुद्धा ताणली जातात. योगेंद्र गुरुजींनी भिंतीपलीकडून एकदा विचारलंही, "साहेब, दुरुस्ती कधी संपणार?"

शेवटी अमृतरावांनी काटा बाजूला ठेवला आणि एखादी सोपी धून कानाने बसवायची ठरवली. अशी कुठली धून आपल्या कानात पक्की बसली आहे, याचा त्यांनी विचार केला. देवाची कुठली आठवेना, सिनेमातली अर्धीच आठवली. मग लक्षात आलं की एक धून त्यांच्या डोक्यात रोज सकाळी न बोलावता येते आणि दुपारपर्यंत जात नाही. ती होती घंटागाडीची. कचरा न्यायला येणारी ती गाडी त्यांच्याच खिडकीखाली उभी राहायची आणि भोंग्यातून गायची: ओला निराळा, सुका निराळा, अक्का, डबा बाहेर काढा! दोन ओळी, तीन सूर, पुन्हा त्याच दोन ओळी. तिच्याएवढी सोपी धून पृथ्वीवर नसेल.

ती त्यांना चार दिवसांत आली. साठीकडे झुकलेल्या माणसाला एखादी नवी गोष्ट यावी, आणि ती ओळखू यावी, याचा आनंद ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. एका संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन बसले, डोळे मिटले आणि मनसोक्त वाजवायला लागले.

डोळे उघडले तेव्हा खाली मंदाबाई दोन डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे गुरुजींच्या घरची सून. त्यांच्यामागे गल्ली.

"आज संध्याकाळची गाडी?" कोणीतरी म्हणालं.

"आवाज मागच्या बाजूने येतोय. मागच्या गल्लीत आहे."

सगळा लवाजमा डबे घेऊन मागच्या गल्लीत गेला. अमृतरावांना गच्चीवरून हे सगळं दिसत होतं. त्याच वेळी वरून हाक मारायला हवी होती. पण साठीकडे झुकलेल्या मोजणी साहेबाने गच्चीवरून ओरडून 'घंटागाडी मीच आहे' असं सांगायचं तरी कसं? ते कठड्याआड खाली बसले. मागच्या गल्लीत गाडी नव्हती. तिथली माणसंही आपापले डबे घेऊन बाहेर आली होती आणि गाडी पुढच्या गल्लीत आहे असं सांगत होती. भरलेले डबे घरी परत न्यायचा सगळ्यांनाच कंटाळा आला, तेव्हा ते कोपऱ्यावरच ठेवले गेले. अंधार पडायच्या आत गाई आल्या, कुत्री आली, आणि त्यांनी ओलं आणि सुकं एकत्र केलं.

दुसऱ्या दिवशी पालिकेचे एक निरीक्षक गाडीच्या चालकाला घेऊन चौकशीला आले. चालकाचं नाव पुना. तो शपथेवर सांगत होता की काल संध्याकाळी मी घरी होतो, गाडी वर्कशॉपमध्ये होती. गल्ली एका तोंडाने सांगत होती की गाडी आली, वाजली आणि पळून गेली. मंदाबाईंनी तर गाडीचा मागचा दिवा पाहिला होता. पुनाचं तोंड इतकंसं झालं. तेव्हा मात्र अमृतरावांच्याने राहवलं नाही. ते घरात गेले, युकुलेले घेऊन आले आणि सगळ्यांसमोर ती धून एकदा वाजवली.

मंदाबाई हळूच मागच्या मागे घरात गेल्या.

निरीक्षक भला माणूस होता, पण तक्रार आली म्हणजे ती कुठल्या तरी सदरात घालायला हवी. ध्वनिप्रदूषणात बसेना, कारण आवाज फार बारीक. तोतयेगिरीत घालावं तर अमृतरावांनी गाडीचं सोंग घेतलं होतं, माणसाचं नव्हे. शेवटी 'यापुढे मी घंटागाडीसारखा आवाज काढणार नाही' असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि ते गेले. जाताना म्हणाले, "साहेब, सूर मात्र अगदी बरोबर होता हां." अमृतरावांच्या वाजवण्याला मिळालेली ही पहिली दाद. ती अशा वेळी मिळाली की घेताही येईना.

त्यानंतर सल्ल्यांचा महापूर आला. बासरी घ्या, खिशात मावते. तबला घ्या, घुमतो तरी. शेतात जाऊन वाजवा. विहिरीत तोंड करून वाजवा. गुरुजी म्हणाले, "मी तर म्हणतो, नुसतं हातात धरून बसा. रक्तदाबाला तेवढं पुरतं." अमृतरावांनी न्हाणीघर पसंत केलं. दाराच्या फटीत पंचा कोंबायचा, पाटावर बसायचं, आणि बाहेर बादलीत नळ सोडून ठेवायचा. एवढा मोठा सरकारी नोकर रोज संध्याकाळी चोरासारखा न्हाणीघरात शिरतो आणि कोरडाच बाहेर येतो, हे गल्लीच्या ध्यानात आलं होतंच. पण आता त्यांना कोणी काही बोलत नसे. ते जास्त लागत होतं.

हे सगळं इथेच थांबलं असतं. पण हेमलताबाईंचं माहेर धुळ्याचं होतं.

बायका नवऱ्याला घरात जे बोलतात ते माहेरी सांगत नाहीत, आणि माहेरी जे सांगतात ते नवऱ्याला कळलं तर तो चक्रावून जाईल. हेमलताबाईंनी धाकट्या भावाला, छगनला, फोनवर सांगून टाकलं होतं की यांनी परदेशी वाद्य आणलंय आणि काय सुरेख वाजवतात! छगनच्या मुलीचा, पुनमचा, साखरपुडा ठरला होता. मुलगा जळगावचा, आणि स्थळ अमृतरावांनीच सुचवलेलं. मुलाचे आजोबा तोताराम आबा भदाणे मूळचे दोंडाईच्याकडचे. तरुणपणी सायकलवरून भंगार गोळा करत ते जळगावला आले होते. आता त्यांचा मुलगा, म्हणजे नवरदेवाचा बाप प्रेमराज, याचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना होता. माणसं सरळ, मेहनती, घरात अजून अहिराणी बोलणारी. फक्त एका बाबतीत हळवी होती. कोणी भंगाराचा विषय हसून काढला की त्या घरातल्या जेवणाची ताटं उचलली जात.

"दाजी, ते वाद्य आणायचं हां," छगनने फोनवर बजावलं. "पाहुणे यायच्या आधी जरा वातावरण तयार होईल."

"अरे छगन, मला फारसं..."

"अक्काने सगळं सांगितलंय."

अमृतरावांनी अक्काकडे, म्हणजे आपल्या बायकोकडे, पाहिलं. ती मन लावून गहू निवडत होती.

मे महिन्यात एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचली, तेव्हा युकुलेलेच्या चारही तारा सैल पडल्या होत्या आणि अमृतरावांचीही तीच गत होती. मंगल कार्यालयात वरण-बट्टीचा वास सुटला होता. एका बाजूला बायका गप्पा मारत होत्या. पाहुणे अजून पारोळ्याजवळ आहेत, तासभर तरी लागेल, असा मोबाईलवर संदेश आला होता. अमृतरावांनी तारा कशाबशा ताणून घेतल्या, तोच छगनने त्यांना नवरदेवासाठी मांडलेल्या लाल मखमली सोफ्याशेजारी उभं केलं आणि हातात माईक दिला.

"आमचे दाजी आता एक धून सादर करतील," छगनने जाहीर केलं. "दाजी, काय वाजवणार ते सांगा ना."

अमृतरावांना वाजवता येईल अशी एकच धून होती, हे एव्हाना वाचकांच्या ध्यानात आलं असेल. आणखी एक हळूहळू बसत होती, पण ती कच्ची होती, आणि ती लोकांसमोर वाजवायची नव्हती. तिच्याकडे पुढे येऊ. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. पालिकेला लिहून दिलं ते जळगावच्या. हे धुळे. इथली गाडी वेगळी, इथलं गाणं वेगळं. पाहुणे जळगावचे, पण ते अजून तासभर लांब. इथे कोण ओळखणार?

"ही... हवाई बेटांवरची एक जुनी लोकधून आहे," ते माईकमध्ये म्हणाले. खोटं बोलल्यावर माईकमधून ते किती मोठं ऐकू येतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. ती धून त्यांनी संथ केली होती, अधूनमधून हलकेच थांबत होते, एका ठिकाणी तर डोळेही मिटले. धुळ्याच्या बायकांनी माना डोलावल्या. छगनची बायको कोकिळा म्हणाली, "किती शांत वाटतं नाही?" एक म्हातारे गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणाले, "बेटावरचं संगीतच वेगळं." आयुष्यात पहिल्यांदा आपण हसतोय, मोबाईलवरच्या त्या जाड्या माणसासारखं हसतोय, असं अमृतरावांना वाटलं. उत्साहाच्या भरात त्यांनी वेग वाढवला. गाडी गल्लीतून निघाली की वाढतो तसा.

नेमक्या त्याच क्षणी भदाण्यांची माणसं दारात येऊन उभी राहिली. संदेशात पारोळा म्हटलं होतं ते खरं, पण पाठवणाऱ्याने तो तासाभरापूर्वी पाठवला होता आणि छगनने पाहिला होता उशिरा.

सगळ्यांत पुढे नवरदेवाची आत्या बेबाबाई होती. नऊवारी, गळ्यात ठुशी, हातात नारळाची ताटली. धून कानावर पडली मात्र, तिचे पाय आपोआप थांबले आणि तोंडातून निघालं, "अवो, गाडी उनी वाटस! डबा कोठे शे तुमना?"

तिने ताटली शेजारच्या बाईच्या हातात दिलीसुद्धा. मग तिने समोर पाहिलं. सोफा, माईक, अमृतराव. अमृतरावांचा हात तारांवर तसाच राहिला. चौथी तार तेवढी थोडा वेळ वाजत राहिली.

"हाई तं आमना जळगावनी कचरागाडीनं गानं शे," बेबाबाई सावकाश म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आम्ही दारमां पाय ठेवा, अन् तुम्ही कचरागाडीनं गानं लावं?"

कार्यालयात कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू तोताराम आबांनी ऐकलं. आबा पुढे आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काठी.

"मी सायकलवर भंगार गोळा करं, हाई बठ्ठास्ले माहीत शे," ते सगळ्यांवरून काठी फिरवत म्हणाले. "माले तेनी लाज नई. पन तुम्ही ते दारमां वाजाडीसन सांगं."

एवढं बोलून ते वळले आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोलीत जाऊन बसले. त्यांच्यामागे सगळं भदाणे कुटुंब गेलं. नवरदेव शेवटी होता. त्याने जिन्यावरून एकदा मागे वळून पाहिलं. पुनम स्वयंपाकघराच्या दारात नव्या साडीत उभी होती. दोघांनी पाहिलं एकमेकांकडे, आणि मग त्याला कोणीतरी वर ओढून नेलं.

पुढचा अर्धा तास अमृतराव त्या लाल सोफ्याशेजारी तसेच उभे होते. बसावं तरी कुठे? लोक त्यांच्याकडे बघत नव्हते, हे सगळ्यांत वाईट. छगन दोनदा वर जाऊन आला. वर चहा तसाच निवत पडला होता. जो म्हातारा बेटावरच्या संगीताबद्दल बोलला होता, तो आता बाजूच्याला सांगत होता, "मला सुरुवातीपासूनच वास येत होता." कोकिळा डोळ्यांना पदर लावून एका कोपऱ्यात बसली होती. पुनम मात्र सरळ अमृतरावांपाशी आली. आत्याच्या नवऱ्याला ती फुवा म्हणत असे.

"फुवा," ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मला माहीत आहे. पण त्यांना कोण सांगणार?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. अमृतरावांनी युकुलेले बगलेत मारलं आणि जिना चढायला सुरुवात केली. मागून हेमलताबाईही निघाल्या.

वरच्या खोलीत आबा पलंगावर बसले होते, बाकी सगळे त्यांच्याभोवती. अमृतरावांनी हात जोडले. "आबा, चूक माझीच. पण मुद्दाम नव्हती. मला दुसरं काही वाजवता येत नाही."

"एकच येस?" आबांनी विचारलं.

"एकच."

प्रेमराज उसळला. "आबा, हे काय बोलणं आहे? हे मोजणी साहेब आहेत. शिकलेला माणूस. बेटावरची धून म्हणून माईकवर सांगितलं यांनी, मी खालच्यांना विचारलं. एवढं नाव माहीत आणि वाजवायला फक्त कचरागाडी? मुद्दाम केलंय."

आता अमृतरावांच्या बाजूने बोलायला एकच साक्षीदार होता. हेमलताबाई पुढे आल्या, पदर खोचला आणि बोलू लागल्या. न्हाणीघर सांगितलं. पंचा सांगितला. गच्चीवरून वाजवल्यामुळे दोन गल्ल्यांचा कचरा कसा रस्त्यावर आला, ते सांगितलं. पालिकेला काय लिहून दिलं, तेही शब्द न शब्द सांगितलं. "बेटाचं मीच... म्हणजे मी माहेरी जरा वाढवून सांगितलं होतं. यांना खरंच काही येत नाही, आबा. मी रोज ऐकते." नवऱ्याला वाचवण्यासाठी बायकोने त्याची अब्रू इतक्या मन लावून काढलेली त्या खोलीने पूर्वी पाहिली नसावी. अमृतराव फरशीकडे बघत उभे होते. फरशी मापाला वाकडी बसवली होती.

आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते म्हणाले, "वाजाडीसन दखाडा."

आणि परीक्षा सुरू झाली. बेबाबाई म्हणाली, आरती वाजवा. अमृतरावांनी प्रयत्न केला, ती मध्येच घंटागाडीकडे वळली. प्रेमराज म्हणाला, वरातीत वाजतं ते वाजवा. वरात सुरूच झाली नाही. कोणीतरी शाळेतली कविता सुचवली, ती दुसऱ्या ओळीला अडखळून पडली. खोलीतले चेहरे सैल होत चालले. एका मामांनी तोंडावर रुमाल धरला. अमृतरावांना घाम फुटला होता, कान तापले होते, आणि तरीही आत कुठेतरी बरं वाटत होतं. ते जितके वाईट वाजवत होते, तितकी पुनम सुखरूप होत होती.

मग आबांनी काठी टेकली. "कानबाईनं गानं तरी येत व्हई? खान्देशना मानूस शे तुम्ही."

आता ती गोष्ट सांगायला हवी.

हेमलताबाई पोळ्या लाटताना गुणगुणत असत. श्रावणात खान्देशात कानबाई ही देवी बसते, तेव्हा बायका रात्रभर म्हणतात त्यातलं एक गाणं. त्यांची आई म्हणायची, म्हणून त्याही म्हणायच्या, आपण म्हणतोय हे त्यांना ठाऊकही नसे. न्हाणीघराच्या भिंतीपलीकडून ते अमृतरावांच्या कानावर पडत असे. ते त्यांनी हळूहळू, एकेक सूर शोधत बसवलं होतं. काटा न लावता. श्रावणात, कानबाईच्या दिवशी, स्वयंपाकघराच्या दारात बसून ते अचानक वाजवायचं, असा त्यांचा बेत होता. मोजणी साहेबांनी आयुष्यात इतका बिनमापाचा बेत कधी केला नव्हता.

त्यांनी तार छेडली. डोकं नको म्हणत होतं, पण बोटं निघाली. पहिली ओळ आली. दुसरी आली, पहिलीहून गोड. बेबाबाईची मान हलायला लागली, ओठ हलायला लागले. मामांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला. अमृतरावांचं वाजवणं पहिल्यांदाच कोणीतरी ऐकत होतं. खरोखर ऐकत होतं.

आणि त्यांना दिसलं की प्रेमराजचे डोळे बारीक होताहेत. दारात छगन पांढरा पडला होता. त्याच्या खांद्यावरून पुनम बघत होती.

अजून दोन ओळी नीट गेल्या असत्या तर अमृतराव बोरसे वाजवणारा माणूस ठरले असते. आणि पुनमचा साखरपुडा मोडला असता.

तिसऱ्या ओळीवर त्यांनी बोट उचललं आणि चुकीच्या जागी ठेवलं. मुद्दाम चुकणं सोपं नसतं. बोट पुन्हा आपल्या जागी धावत होतं, त्यांनी ते खेचून परत चुकीच्या जागी आणलं. सूर किंचाळला. त्यांनी तो तसाच पुढे ओढला, चौथ्या ओळीत वेग सोडला, आणि शेवट, देवा क्षमा कर म्हणत, घंटागाडीवर नेऊन आदळला.

आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मिशी, मग काठी. हसता हसता खोकला आला, बेबाबाईने पाठीवर हात फिरवला, तीही हसत होती. सगळी खोली हसली. "याले काहीच येत नई रे!" आबा डोळे पुसत म्हणाले. "आयुष्यमां मी बठ्ठं भंगार इकत लिधं. पन हाई वाजाडनं मी फुकट बी लेवाव नई."

प्रेमराजने अमृतरावांना हात धरून बसवलं आणि निवलेला चहा स्वतःच्या हाताने पुढे केला. "माफ करा साहेब, मला वाटलं होतं तुम्हाला येतं."

"नाही, नाही," अमृतराव म्हणाले. त्यांनी तो गार चहा शेवटपर्यंत प्यायला.

साखरपुडा झाला. वरण-बट्टी झाली. जेवताना पंगतीत ज्याने त्याने त्यांना आग्रह केला, आणि प्रत्येक आग्रहाबरोबर कोणीतरी 'अक्का, डबा बाहेर काढा' म्हटलं. त्यांनी सगळ्यांकडे बघून मान डोलावली. जावयाचा एवढा सत्कार धुळ्यात पूर्वी झाला नव्हता.

परतीच्या बसमध्ये हेमलताबाई खिडकीशी बसल्या होत्या. पारोळा गेलं तरी त्या बाहेरच बघत होत्या. अमृतरावांना वाटलं, रागावल्या असतील, आणि रागवायला हक्कही होता. माहेरच्या माणसांसमोर नवऱ्याचं असं हसं.

एरंडोलच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "पहिल्या दोन ओळी बरोबर होत्या."

"चुकून आल्या."

"हं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसले. "ऊन किती आहे." खिडकीतून उन्हाचा एक कवडसाही येत नव्हता.

तेव्हापासून अमृतरावांच्या आयुष्याला एक नवीनच काम लागलं. आबा त्यांच्यावर बेहद्द खूश झाले होते. लग्नात, पूजेला, बारशाला, जिथे म्हणून भदाणे जमतील तिथे आबा त्यांना समोर बसवत आणि म्हणत, "पाव्हना, ते कानबाईनं गानं वाजाडा." मग अमृतराव ते वाजवत, जसं त्या दिवशी वाजवलं होतं अगदी तसंच, तिसऱ्या ओळीला किंचाळवून, चौथीला आपटून. एकदा तिसरी ओळ चुकून बरोबर गेली, तर प्रेमराज चमकून बघायला लागला. तेव्हापासून ते घरी चुकण्याचाही सराव करू लागले. नीट वाजवायचं ते फक्त संध्याकाळी, दार लावून, स्वयंपाकघरात. न्हाणीघर सुटलं होतं. पोळ्या लाटता लाटता हेमलताबाई म्हणत आणि ते वाजवत. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

श्रावणातल्या एका संध्याकाळी दारावर काठी वाजली. हेमलताबाईंनी पिठाच्या हाताने दार उघडलं. आबा होते. बाजारातून घरी जाताना सहज वर आले होते, आणि जिन्यातच बराच वेळ थांबले असावेत. त्यांचा चेहरा निराळाच दिसत होता.

"पोरी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आतमां कोन वाजाडी ऱ्हायनं व्हतं?"

हेमलताबाईंनी मागे पाहिलं. अमृतराव स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले होते, युकुलेले मांडीवर, चोरी करताना सापडल्यासारखे.

"मोबाईल होता, आबा," त्या म्हणाल्या. "मोबाईलवर लावलं होतं."

आबा आत आले. खुर्चीवर बसले. अमृतरावांच्या मांडीवरच्या वाद्याकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली.

"दखा पाव्हना," ते म्हणाले, "याले म्हनतस वाजाडनं. जरा त्या मोबाईलपासून शिका."

"हो, आबा," अमृतराव म्हणाले आणि त्यांनी शरमेने मान खाली घातली. ती लवकर वर करता आली नाही, कारण चेहरा त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता.